एका लिथियम सेलवर पांढरे एलईडी: बूस्ट कन्व्हर्टर बनवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची बहुतेक उत्तरं एकाच सर्किटभोवती फिरतात: १८६५० आकाराचा एक लिथियम-आयन सेल, एक वॉटच्या जातीचे तीन पांढरे एलईडी सिरीजमध्ये, आणि त्यांतून १५० मिलिअँपिअर करंट. लोडशेडिंगच्या वेळी टेबलावर पुस्तक वाचता येईल एवढा उजेड यातून सहज मिळतो. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत बदलत नाही. ओहमचा नियम आठवत असेल आणि हाताशी मल्टिमीटर असेल तर पुढचं सगळं जमण्यासारखं आहे.

सेल ३.७ व्होल्टचा, एलईडी ३ व्होल्टचा. मग बूस्ट लागतोच कशाला?

एकच एलईडी लावायचा असेल तर लागत नाही. उलट तिथे बूस्ट लावणं चूक आहे, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

बूस्ट कन्व्हर्टर व्होल्टेज फक्त वाढवू शकतो. सेलपासून इंडक्टर (तारेचं वेटोळं) आणि डायोडमधून एलईडीपर्यंत एक सरळ रस्ता कायम उघडा असतो. पूर्ण चार्ज झालेला लिथियम सेल ४.२ व्होल्ट देतो आणि एका एलईडीला लागतात ३ ते ३.२. म्हणजे कन्व्हर्टरच्या चिपने स्विचिंग पूर्ण थांबवलं तरी करंट वाहतच राहणार आणि तो आवरायला कोणी नसणार. एका एलईडीसाठी सरळ रेझिस्टर लावा, किंवा एएमसी७१३५ सारखी लिनियर चिप वापरा. ती ३५० मिलिअँपिअरवर करंट धरून ठेवते आणि स्वतःसाठी जेमतेम ०.१२ व्होल्ट खाते. सेल उतरत आला की उजेड हळूहळू कमी होतो, पण टॉर्चला ते चालतं.

दोन किंवा जास्त एलईडी सिरीजमध्ये आले की लागणारं व्होल्टेज सहाच्या आसपास किंवा वर जातं, म्हणजे सेलच्या ४.२ च्या कायम वर. बूस्टचं काम तिथून सुरू होतं. नियम एवढाच: एलईडीच्या माळेचं कमीत कमी व्होल्टेज हे सेलच्या जास्तीत जास्त व्होल्टेजपेक्षा मोठं असलं पाहिजे.

लाल एलईडी दोन व्होल्टला पेटतो, पांढऱ्यालाच तीन का लागतात?

कारण आत चिप निळी असते. सुमारे ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा २.७५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास येते, तेव्हा व्होल्टेजही तेवढं द्यावंच लागतं. वरचं थोडं आतल्या रोधात जातं. त्या निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर असतो आणि निळा-पिवळा मिळून डोळ्याला पांढरा दिसतो. ज्या निळ्या एलईडीमुळे हे शक्य झालं, त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

तिन्ही एलईडी पॅरलल जोडले तर व्होल्टेज वाढवायची भानगडच नको, नाही का?

कागदावर खरं आहे. पण एकाच पाकिटातल्या एलईडींचंही व्होल्टेज तंतोतंत सारखं नसतं. पॅरलल जोडले की ज्याचं कमी तो जास्त करंट ओढतो, त्यामुळे तापतो, तापल्यावर त्याचं व्होल्टेज आणखी उतरतं आणि तो अजून ओढतो. प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर दिला तर हे आवरतं, मात्र त्यात वीज जळते. सिरीजमध्ये तिघांतून एकच करंट जातो, निवड करावीच लागत नाही.

सिरीजलाही मर्यादा आहे. दहा एलईडी म्हणजे ३० व्होल्टच्या वर. तीन व्होल्टवरून तिथे जायला स्विच नव्वद टक्क्यांहून जास्त वेळ चालू ठेवावा लागतो. बऱ्याच चिपची मर्यादा नेमकी तिथेच संपते, आणि स्विच तेवढं व्होल्टेज सोसणाराही हवा. एका सेलवर तीन ते सहा हा सुखाचा आकडा.

बूस्ट कन्व्हर्टर नक्की करतो काय?

स्विच (हल्ली चिपच्या पोटातला मॉस्फेट) चालू झाला की इंडक्टरचं दुसरं टोक जमिनीला (सर्किटच्या ऋण बाजूला) लागतं आणि त्यातला करंट सरळ रेषेत चढत जातो. या वेळात ऊर्जा इंडक्टरच्या चुंबकीय क्षेत्रात साठते. स्विच तुटला की करंटला रस्ता उरत नाही, पण इंडक्टरमधला करंट एकदम थांबू शकत नाही. म्हणून इंडक्टर स्वतःचं व्होल्टेज पलटवतो, ते सेलच्या व्होल्टेजमध्ये मिळतं आणि डायोडमधून आउटपुटच्या कपॅसिटरला जातं. हा खेळ सेकंदाला लाखो वेळा चालतो.

आदर्श सर्किटमध्ये आउटपुट व्होल्टेज = इनपुट व्होल्टेज ÷ (१ − ड्यूटी). ड्यूटी म्हणजे एका फेरीतला किती भाग स्विच चालू होता ते. व्होल्टेज जितक्या पटीने वाढतं, तितक्याच पटीने (आणि वरून थोडा तोटा धरून) इनपुटला जास्त करंट लागतो. हे दुसरं वाक्य विसरल्यामुळे बारीक इंडक्टर निवडले जातात.

आमच्या सर्किटचा हिशेब करून दाखवा.

हिशेब नेहमी उतरलेल्या सेलवर करायचा. भरलेला सेल सर्किटला सोपा असतो. अडचण येते ती ३.० व्होल्टला.

१५० मिलिअँपिअरला एकेका एलईडीवर सुमारे ३ व्होल्ट, म्हणजे माळेवर ९. करंट मोजणाऱ्या रेझिस्टरवर आणखी ०.६ (तो कुठून आला ते पुढे). आउटपुट ९.६ व्होल्ट, ताकद ९.६ × ०.१५ = १.४४ वॉट. कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर सेलकडून १.६९ वॉट लागतील. तीन व्होल्टला याचा अर्थ ०.५६५ अँपिअर. इंडक्टरमधला सरासरी करंट हाच.

ड्यूटी काढताना डायोडचे ०.४ व्होल्ट धरा: (१० − ३) ÷ १० = ०.७. आपण वापरणार ती एमटी३६०८ चिप (ती का, ते पुढे) १.२ मेगाहर्ट्झला चालते. इंडक्टरमधल्या करंटची वरखाली, म्हणजे रिपल, सरासरीच्या ४० टक्के ठेवायची म्हटली तर ०.२२६ अँपिअर. इंडक्टन्स = इनपुट व्होल्टेज × ड्यूटी ÷ (फ्रिक्वेन्सी × रिपल), म्हणजे ३ × ०.७ ÷ (१२ लाख × ०.२२६), उत्तर ७.७ मायक्रोहेन्री. बाजारात १० मिळतो, तो घ्या. त्यावर रिपल ०.१७५ अँपिअर होते आणि शिखर ०.६५ अँपिअरच्या आसपास जातं.

एलईडीला हवेत १५० मिलिअँपिअर आणि इंडक्टरला सोसायचेत साडेसहाशे. सर्किट आखताना डोळ्यांसमोर ठेवायचा आकडा हा दुसरा.

१० मायक्रोहेन्रीचा कुठलाही इंडक्टर चालेल का?

नाही. मायक्रोहेन्रीपेक्षा दोन आकडे जास्त महत्त्वाचे असतात: सॅच्युरेशन करंट आणि तारेचा रोध.

फेराइटच्या गाभ्याला एका मर्यादेपर्यंतच चुंबकीय क्षेत्र पेलतं. ती ओलांडली की इंडक्टन्स कोसळतो, इंडक्टर जवळजवळ साधी तार बनतो आणि करंट उभा चढतो. चिप तापते, शिट्टीसारखा आवाजही येऊ शकतो, आणि माणूस चिपला दोष देत बसतो. आपलं शिखर ०.६५ अँपिअर आहे, पण सर्किट सुरू होताना, रिकामा कपॅसिटर भरताना, करंट बराच वर जातो, कारण एमटी३६०८ ची आतली मर्यादा ४ अँपिअरची आहे. दीड-दोन अँपिअर सॅच्युरेशनचा, शिल्डेड (चुंबकीय क्षेत्र बाहेर सांडू न देणारा), ०.१ ओहमच्या आतल्या रोधाचा इंडक्टर घ्या.

रेझिस्टरसारखे दिसणारे, रंगीत पट्ट्यांचे छोटे इंडक्टर इथे वापरू नका. त्यांची तार केसाएवढी बारीक असते आणि गाभा फार लवकर सॅच्युरेट होतो. त्यांची जागा रेडिओच्या फिल्टरमध्ये.

मग ४७ मायक्रोहेन्रीचा मोठा इंडक्टर घेतला तर रिपल आणखी कमी, सर्किट आणखी चांगलं?

रिपल कमी होईल, सर्किट चांगलं होईलच असं नाही. त्याच आकाराच्या गाभ्यावर जास्त वेढे म्हणजे जास्त रोध आणि कमी सॅच्युरेशन.

दुसरी गोष्ट थोडी आडवळणाची. बूस्टला करंट वाढवायचा असतो तेव्हा तो आधी स्विच जास्त वेळ चालू ठेवतो, आणि तेवढा वेळ आउटपुटला काहीच पोहोचत नाही. म्हणजे वाढवायला सांगितलं की आधी क्षणभर घटतं. कंट्रोलच्या भाषेत हा उजव्या अर्धतलातला शून्य. आपल्या आकड्यांना, १० मायक्रोहेन्रीवर, तो सुमारे ९० किलोहर्ट्झला पडतो. ४७ केला तर २० किलोहर्ट्झच्या खाली उतरतो. चिपचं आतलं कॉम्पेन्सेशन (नियंत्रण स्थिर ठेवणारी जोडणी) ठरावीक इंडक्टर गृहीत धरून बांधलेलं असतं, तेव्हा सर्किट डोलायला लागू शकतं. डेटाशीटमध्ये इंडक्टरसाठी जो पट्टा दिला आहे त्यातच राहा.

चिप कोणती घ्यावी?

घरगुती प्रयोगाला एमटी३६०८ पुरेशी आहे: स्वस्त, दोन व्होल्टपासून चालणारी, २८ व्होल्टपर्यंत नेणारी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत ती सुटीही मिळते आणि मॉड्यूलच्या रूपातही. सुटी घेतली तर इनेबलची (चिप चालू-बंद करणारी) पिन लोंबकळत ठेवू नका, इनपुटला जोडा. तिची एक उणीव म्हणजे ती मुळात व्होल्टेज सांभाळण्यासाठी बनली आहे, एलईडीसाठी नाही.

खास एलईडीसाठीच्या चिपमध्ये टीपीएस६११६५ चांगली. तिचा फीडबॅक (तो काय ते पुढच्या प्रश्नात) ०.२ व्होल्टचा, त्यामुळे वाया जाणारी वीज कमी. माळ तुटली तर ३८ व्होल्टला स्वतःच थांबते, आणि उजेड कमी-जास्त करायला वेगळी पिन आहे. तिचं बिनपायांचं पॅकेज मात्र फार बारीक, साध्या सोल्डरिंग आयर्नने लावायला हात सरावलेला हवा.

एक्सएल६००९ ची शिफारस पुष्कळ ठिकाणी दिसते, पण डेटाशीटप्रमाणे तिला इनपुटला किमान ५ व्होल्ट लागतात. एका लिथियम सेलवर ती लावू नये. एमसी३४०६३ ही जुनीजाणती चिप शिकायला उत्तम, पण तिच्या आतल्या डार्लिंग्टन (दोन ट्रान्झिस्टर जोडून केलेल्या) स्विचवर एक व्होल्टच्या आसपास पडतो. बारा व्होल्टच्या बॅटरीवर ते खपून जातं. तीन व्होल्टच्या सेलवर म्हणजे तिसरा हिस्सा वाटेतच गेला.

करंट नक्की कोण ठरवतं?

एक रेझिस्टर. बूस्ट चिप फीडबॅक पिनवर ठरावीक व्होल्टेज राहील याची काळजी घेते. एमटी३६०८ मध्ये ते ०.६ व्होल्ट. माळेच्या शेवटच्या एलईडीचं ऋण टोक जमिनीला न लावता एका लहान रेझिस्टरमधून जमिनीला न्या आणि त्या रेझिस्टरचं वरचं टोक फीडबॅकला जोडा. आता त्यावर ०.६ व्होल्ट यावेत म्हणून चिप लागेल तेवढं व्होल्टेज स्वतःच देते. ०.६ ÷ ०.१५ = ४ ओहम. बाजारात ३.९ मिळतो, करंट १५४ मिलिअँपिअर होतो. रेझिस्टरमध्ये ०.०९ वॉट जळतात, पाव वॉटचा पुरतो.

हे ०.०९ वॉट म्हणजे आउटपुटच्या सहा टक्के, फक्त मोजमापावर खर्च. ०.२ व्होल्टच्या फीडबॅकवर तोच तोटा दोन टक्क्यांवर येतो. बॅटरीवरच्या दिव्यात हा फरक जाणवतो, म्हणून पैसे परवडत असतील तर एलईडीची चिप.

एमटी३६०८ चं निळं तयार मॉड्यूल आहे. त्याचा स्क्रू फिरवून ९ व्होल्टवर ठेवलं तर झालं ना?

पेटेल. पण पेटल्यावर एलईडी गरम होईल, त्याचं लागणारं व्होल्टेज खाली येईल, मॉड्यूल मात्र नऊवरच अडून बसेल आणि करंट वाढत जाईल. एका पांढऱ्या एलईडीवर ०.१ व्होल्ट इकडेतिकडे झालं तरी करंट पाव भागाने बदलतो. शिवाय थंडीत आणि उन्हाळ्यात उजेड वेगळा. एलईडीला करंट द्यायचा असतो. व्होल्टेज किती ते त्याचं तो ठरवतो.

मॉड्यूल वाया घालवू नका, त्याचं रूपांतर सोपं आहे. फिरवायचा प्रीसेट काढा. फीडबॅकपासून जमिनीला गेलेला छोटा रेझिस्टर काढा. फीडबॅक पिनला एक किलोओहमचा रेझिस्टर जोडून त्याचं दुसरं टोक ३.९ ओहमच्या वरच्या टोकाला न्या. एलईडीचं ऋण टोक आता मॉड्यूलच्या ऋण आउटपुटला नाही, ३.९ ओहमच्या त्याच टोकाला लावायचं. एक किलोओहम कशासाठी ते पुढच्या प्रश्नात.

एलईडीची वायर सुटली तर काय होतं?

चिप मरते, बहुतेक वेळा लगेच. माळ तुटली की फीडबॅकवर शून्य व्होल्ट, चिपला वाटतं करंट कमी पडतोय, आणि ती व्होल्टेज वाढवत सुटते. स्विच ३० व्होल्टच्या पुढे टिकत नाही.

उपाय दोन रुपयांचा आहे. आउटपुटपासून फीडबॅक पिनपर्यंत १२ व्होल्टचा झेनर डायोड लावा, कॅथोड आउटपुटकडे. माळ जागेवर असताना आउटपुट साडेनऊ-दहाच्या आसपास, झेनर झोपलेला. माळ सुटली की व्होल्टेज १२.६ ला पोहोचताच झेनरमधून ०.६ मिलिअँपिअर वाहतो, एक किलोओहमवर ०.६ व्होल्ट पडतात आणि चिप समाधानी होऊन तिथेच थांबते. तो एक किलोओहम नसता तर झेनरला हेच काम करायला ३.९ ओहममधून दीडशे मिलिअँपिअर ढकलावे लागले असते आणि तोच जळाला असता.

आणि शॉर्ट झालं तर?

इथे बूस्टचा मूळ दोष पुन्हा आडवा येतो: सरळ रस्ता उघडाच. माळच शॉर्ट झाली तर चिप स्विचिंग थांबवते, पण सेलमधून इंडक्टर, डायोड आणि ३.९ ओहममधून जवळजवळ एक अँपिअर जात राहतो. पाव वॉटच्या रेझिस्टरमध्ये साडेतीन वॉटच्या वर. धूर निघतो. सेलचा प्रोटेक्शन बोर्ड एक अँपिअरला हलतही नाही. म्हणून हा रेझिस्टर फ्युजिबल प्रकारचा घ्या, जळाला तर आग न पकडता तुटेल असा. आउटपुट थेट जमिनीला लागला तर मात्र मध्ये काहीच उरत नाही. त्यासाठी इनपुटला फ्यूज हवाच.

घरात १एन४००७ डायोड पडून आहेत. चालतील?

नाहीत. ते पन्नास हर्ट्झच्या विजेसाठी. उलट दिशेला बंद व्हायला त्यांना काही मायक्रोसेकंद लागतात आणि आपली अख्खी फेरीच ०.८३ मायक्रोसेकंदाची आहे. झटकन बंद होणारे शॉट्की डायोड घ्या: एसएस१४ किंवा १एन५८१९, दोन्ही ४० व्होल्ट, १ अँपिअर.

कपॅसिटर किती आणि कोणते?

इनपुटला १० मायक्रोफॅरॅड, आउटपुटला १० मायक्रोफॅरॅड, दोन्ही सिरॅमिक, एक्स७आर किंवा एक्स५आर जातीचे. आउटपुटचा २५ व्होल्टचा घ्या आणि आकाराने फार बारीक नको. सिरॅमिक कपॅसिटरवर डीसी व्होल्टेज आलं की त्याची क्षमता घटते. छोट्या पॅकेजमध्ये दहाचे पाच उरणंही नेहमीचं आहे. पाच उरले तरी आउटपुटवरची रिपल २० मिलिव्होल्टच्या आत राहते, आणि एलईडीच्या उजेडात ती दिसत नाही.

नुसता मोठा इलेक्ट्रोलिटिक लावून भागत नाही. १.२ मेगाहर्ट्झला त्याचा अंतर्गत रोधच आड येतो.

ब्रेडबोर्डवर बांधून पाहू का?

एक मेगाहर्ट्झच्या वरचा बूस्ट ब्रेडबोर्डवर नको. एक सेंटिमीटर तार म्हणजे ढोबळमानाने दहा नॅनोहेन्री, आणि स्विच तुटताना करंट काही नॅनोसेकंदांत रस्ता बदलतो. त्या वेगाला दहा-वीस नॅनोहेन्रीसुद्धा स्विचच्या पिनवर उंच काटे उभे करतात. सर्किट चालेल, मग विचित्र वागेल, मग चिप जाईल, आणि कारण सापडणार नाही.

तांब्याची कोरी पट्टी घ्या, पूर्ण पृष्ठभाग जमीन माना आणि त्यावर भाग उभे-आडवे सोल्डर करा. दिसायला ओबडधोबड, वागायला उत्तम. स्वतःचा पीसीबी काढणार असाल तर एकच लूप डोक्यात ठेवा: स्विचची पिन, डायोड, आउटपुट कपॅसिटर आणि परत चिपची जमीन. बूस्टमध्ये करंटचे धक्के या लूपमध्ये असतात. इनपुटच्या बाजूला इंडक्टरमुळे तो त्यामानाने शांत वाहतो. म्हणून आउटपुट कपॅसिटर चिपला जितका चिकटवता येईल तितका चिकटवा, इनपुटचा त्यानंतर. लोक नेमकं उलटं करतात. फीडबॅकची रेघ इंडक्टरखालून नेऊ नका.

दिवा लावला की रेडिओ खरखरतो.

खरखरणारच. मध्यम लहरींचा पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ आणि आपली चिप १२०० ला, बरोबर मध्ये. ४०० किलोहर्ट्झची चिप घेतली तरी सुटका नाही: तिची दुप्पट ८०० वर येते, आणि आकाशवाणी पुणे ७९२ वर. वरचा लूप लहान करा, शिल्डेड इंडक्टर लावा, एलईडीकडे जाणाऱ्या दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळा. लांब, एकमेकींपासून दूर गेलेल्या तारा म्हणजे अँटेनाच.

उजेड कमी-जास्त कसा करायचा?

हाताने करायचा असेल तर ३.९ ओहमच्या जागी स्विचने दोन वेगळे रेझिस्टर आलटून पालटून द्या. दोन पायऱ्या पुष्कळ होतात. जोडताना आधी दुसरा जोडला जाऊन मग पहिला सुटेल असा स्विच घ्या, नाहीतर मधल्या क्षणी माळ तुटते.

मायक्रोकंट्रोलर असेल तर त्याचा पीडब्ल्यूएम (वेगाने चालू-बंद होणारा सिग्नल) गाळून फीडबॅकमध्ये टोचता येतो. ३.३ व्होल्टच्या पिनपासून फीडबॅकपर्यंत एकूण ४.७ किलोओहम, दोन तुकड्यांत, आणि मधल्या बिंदूपासून जमिनीला १ मायक्रोफॅरॅड. पिन जितकी वर तितका करंट कमी. पूर्ण वर नेली तर पाच-सहा मिलिअँपिअर उरतात. यातली एक खोच मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पिन शून्यावर असताना तो ४.७ किलोओहम फीडबॅकला खाली ओढतो, त्यामुळे करंट ठरवल्यापेक्षा एकवीस टक्के वर जातो, म्हणजे १८७ मिलिअँपिअर. म्हणून या जोडणीत ३.९ ऐवजी ४.७ ओहम लावा, करंट पुन्हा १५५ वर येतो.

एमटी३६०८ ची इनेबल पिनच वेगाने चालू-बंद करून उजेड कमी करणं मला पसंत नाही. प्रत्येक वेळी चिप नव्याने सुरू होते, उजेड प्रमाणात बदलत नाही, आणि मोबाइलने व्हिडिओ काढला तर पट्टे फिरताना दिसतात.

१५० मिलिअँपिअरला हीटसिंक लागतो का?

एकेका एलईडीत ०.४५ वॉट जातात, त्यातले निम्म्याहून जास्त उष्णता होतात. तारेवर लोंबकळणाऱ्या एलईडीला ते जड जातं. ॲल्युमिनिअमच्या चांदणी आकाराच्या पट्टीवर बसवलेले एलईडी घ्या आणि त्या पट्ट्या एका पत्र्याच्या तुकड्यावर स्क्रूने आवळा. पंखा वगैरे काही नको.

पहिल्यांदा वीज देताना काय काळजी घ्यायची?

एलईडी लावूच नका. त्यांच्या जागी ५६ ओहम, ५ वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर लावा. त्यावर साडेआठ व्होल्टच्या आसपास यायला हवेत आणि ३.९ ओहमवर ०.६. करंटची मर्यादा लावता येणारा पॉवर सप्लाय असेल तर तो एक अँपिअरला ठेवा आणि इनपुट ४.२ पासून ३.० पर्यंत हळूहळू उतरवत आणा. फीडबॅकवरचे ०.६ व्होल्ट शेवटपर्यंत हलले नाहीत तर सर्किट पास. मग रेझिस्टर काढून एक क्षण आउटपुट उघडं ठेवा. मीटर साडेबाराच्या आसपास थांबला पाहिजे. झेनरची परीक्षा झाल्याशिवाय एलईडी लावू नयेत.

माझी कार्यक्षमता ६० टक्केच येते. कुठे चुकतंय?

आधी मोजणी तपासा. मिलिअँपिअरच्या रेंजवर मीटर स्वतःच व्होल्टेज खातो, आणि कित्येक मीटरचा २०० मिलिअँपिअरचा फ्यूज आपल्या इनपुट करंटला उडतो. १० अँपिअरचं भोक वापरा. इनपुट व्होल्टेज सेलवर न मोजता बोर्डाच्या टोकांवर मोजा. आउटपुटचा करंट वेगळा मोजायची गरजच नाही, ३.९ ओहमवरचं व्होल्टेज तो सांगतो.

मोजणी बरोबर असेल तर बोट लावून पाहा. इंडक्टर गरम असेल तर सॅच्युरेशन किंवा बारीक तार. डायोड गरम असेल तर तो शॉट्की नाही. स्प्रिंगवाला सेल होल्डर गरम असेल, आणि हे फार वेळा आढळतं, तर सगळा दोष त्या स्प्रिंगचा; तिला समांतर जाड तांब्याची तार सोल्डर करा.

एका सेलवर दिवा किती वेळ चालेल?

खरोखर २००० मिलिअँपिअर-तास देणाऱ्या सेलमध्ये ७.४ वॉट-तास असतात. १.६९ ने भागा: चार तासांच्या थोडं वर. सेलच्या वेष्टणावर ९९०० छापलं असेल तर तो आकडा सोडून द्या. या आकाराच्या सेलमध्ये तेवढं मावतच नाही.

शेवटाकडे जपायला हवं. रेझिस्टरवरचा दिवा सेल उतरताना मंद होत जातो आणि तुम्हाला कळतं. बूस्ट उजेड तसाच ठेवतो, त्यासाठी व्होल्टेज उतरेल तसा जास्त करंट ओढतो: ४.२ ला ०.४ अँपिअर, ३.० ला ०.५६५. एमटी३६०८ तर दोन व्होल्टपर्यंत चालू राहते आणि तोवर सेलचं कायमचं नुकसान झालेलं असतं. डीडब्ल्यू०१ चिपचा नेहमीचा प्रोटेक्शन बोर्ड २.४ व्होल्टला तोडतो. तो शेवटचा आधार म्हणून ठेवा आणि नेहमीची तोड तीन व्होल्टच्या आसपास वेगळी करा. इनेबल पिन त्यासाठीच आहे. तिथे एक तीन व्होल्टचा व्होल्टेज डिटेक्टर बसवला की झालं.

घड्याळातल्या दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलवर यातलं काही चालेल का?

हे सर्किट नाही, पण तिथे मजेदार पर्याय आहेत. फेराइटच्या कड्यावर दोन वेढणी, एक ट्रान्झिस्टर आणि एक किलोओहमचा रेझिस्टर एवढ्यात ‘जूल थीफ’ होतो, आणि घड्याळाने टाकून दिलेल्या सेलवरही एक पांढरा एलईडी मिणमिणता पेटतो. करंटवर नियंत्रण काहीच नाही, मुलांना इंडक्टर समजवायला मात्र याहून चांगलं साधन नाही. बागेतल्या सौर दिव्यांत क्यूएक्स५२५२ सारखी चार पायांची चिप असते: १.२ व्होल्टचा एक सेल, एक इंडक्टर आणि एलईडी. करंट इंडक्टरच्या किमतीवरून ठरतो, आणि अंधार पडला की नाही हे ती सोलर पॅनेलच्या व्होल्टेजवरूनच ओळखते. बंद पडलेला असा दिवा मिळाला तर उघडून पाहा. बहुतेक वेळा गंजलेला सेल बदलला की तो पुन्हा लागतो.